बाईंच्या सुपातले खडे

तुम्ही शेवटचा वाद जिंकलात, त्या दिवशी समोरच्या माणसाचं म्हणणं नेमकं काय होतं? तुमच्या शब्दांत नको, त्याच्या शब्दांत सांगा. असं सांगा की तो इथं असता तर मान डोलावून म्हणाला असता, हो, मला हेच म्हणायचं होतं.

बहुतेकांना हे जमत नाही. मला तर असं काही जमवायचं असतं हेच माहीत नव्हतं. माझं बालपण चळवळीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर गेलं. तेलंगणातल्या नेरडीगोंड्याला आमच्या दोन खोल्यांच्या घरात खाटेखाली, कोनाड्यात, पिठाच्या डब्यामागं पत्रकंच पत्रकं. वडील कचेरीत कारकून. संध्याकाळी सायकलवरून गावोगाव ती वाटायचे. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. त्यामुळं कोणतंही वाक्य शेवटी 'जाहीर निषेध' या शब्दांपाशी जाऊन थांबतं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. अजूनही ती पुरती गेलेली नाही, आणि जावी असं मला वाटतही नाही.

पदवीसाठी आदिलाबादला आले तेव्हा मी बाईंकडं भाड्यानं राहिले. बाई म्हणजे मराठी माध्यमाच्या निवृत्त शिक्षिका. भीमपूर मंडळातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, एका खेड्यात त्यांनी उभी नोकरी केली आणि मग शहरात चार खोल्यांचं घर बांधलं. एक खोली त्यांची, एक माझी, एक सरकारी दवाखान्यातल्या नर्सची. चौथीत डाळ. खरंच डाळ. तुरीची पोती, डबे, सुपं. घर बाईंचं एकटीचं, पण डाळ त्या गल्लीतल्या सगळ्यांची निवडून द्यायच्या. पैसे घेत नसत. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "हात रिकामे राह्यले का तोंड जास्त चालते."

तोंड तरीही चालायचंच. संध्याकाळी त्या ओट्यावर सूप घेऊन बसल्या की गल्ली जमायची. बोलणं कशावरही निघायचं, कापसाच्या भावावर, कोणाच्या सुनेवर, हैदराबादच्या सरकारवर. बाई मान खाली घालून डाळ निवडत असायच्या. कोणी बोलण्यात काही गडबड केली की डाळीतला एक खडा उचलून त्याच्यासमोर ठेवायच्या. बोलायच्या काहीच नाहीत. बोलणारा थांबायचा, खड्याकडं बघायचा, आणि आपण काय बोललो ते मनात परत चघळायचा. दाताखाली काय आलं ते त्याचं त्यालाच शोधावं लागे.

खड्यांना बाईंनी नावं दिली होती. पुस्तकातली नावं त्यांना माहीत असावीत, पण ती त्यांनी कधी तोंडातून काढली नाहीत. एकानंतर दुसरं घडलं म्हणजे पहिल्यामुळंच दुसरं घडलं, असं कोणी म्हटलं की तो 'कावळा'. फांदीवर बसलेला आणि फांदी मोडल्याचा आळ आलेला. समोरच्याचं म्हणणं आधी वेडंवाकडं करायचं आणि मग त्याला झोडपायचं, हे 'बुजगावणं'. "माणूस तिकडं बांधावर उभा हाय, अन् तू वावरातल्या बुजगावण्याले मारून राह्यली," हे मी त्यांच्याकडून किती वेळा ऐकलं असेल. हे कर नाहीतर गाव बुडेल, असं म्हणणारा 'दोनच दारंवाला'. "घराले खिडकी नाही का बाप्पा?" बाई विचारायच्या.

भाजीवाला रोज दारावरून जायचा. एकदा तो म्हणाला, "घ्या बाई, सकाळपासून सगळे हेच वांगे घेऊन राह्यले."

"सगळे घेऊन राह्यले, हे तू मले वांग्याबद्दल सांगितलं का सगळ्यांबद्दल?"

भाजीवाल्यानं गाडीवरचं फडकं झटकलं. "बाई, वांगे नका घेऊ. पण मले शाळेत नका बसवू. मी तिथून एकदा पळून आलो."

बाईंनी त्या दिवशी वांगी घेतली. म्हणाल्या, हे मात्र त्यानं खरं कारण सांगितलं.

टीव्हीवरच्या चर्चा त्या आवाज बंद करून बघायच्या. "पाह्य, ज्याचा हात जास्त हलते त्याच्यापाशी मुद्दा कमी," असं मला सांगायच्या. एकदा असंच सांगून झाल्यावर त्या जरा थांबल्या, सुपातून खडा शोधला आणि स्वतःच्याच मांडीवर ठेवला. "हात हलवणाऱ्यापाशी बी मुद्दा असू शकते. आवाज कर वं."

आणि कोणी अंगावर आलं तर? गल्लीतलाच एक निवृत्त अंमलदार एकदा नळाच्या वादात बोलून गेला, "तुम्ही त्या वस्तीतल्या. तुम्हाला सगळीकडं अन्यायच दिसणार." भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून हे ऐकायचं म्हणजे काय, ते तुमच्यातल्या ज्यांना कळतं त्यांना कळेल. मी उठलेच होते. बाई शांतपणे म्हणाल्या, "मी कोठची हाय ते तुमाले बराबर माहीत हाय साहेब. ते मान्य. आता नळाचं बोलू." आणि नळाचंच बोलल्या, अशा बोलल्या की त्या महिन्यात नळ आला.

त्यांच्यासोबत राहणं सोपं नव्हतं. सख्खी बहीण दोन पावसाळे त्यांच्याशी बोलत नव्हती, कारण भाचीच्या सोयरिकीच्या बैठकीत बाईंनी मुलाच्या मामापुढं खडा ठेवला. मामा म्हणाले होते, आमच्या घराण्यात असंच चालत आलं आहे. बाई सूप घेऊन सोयरिकीला गेल्या होत्या, हे तुम्ही लक्षात घ्या. बसमध्येही न्यायच्या. पिशवीत डाळ, काखेत सूप, आणि कंडक्टरनं सुपाचं तिकीट मागितलं तर त्याच्याशी वाद.

मी आणि नर्स, आमच्यात सकाळच्या पाण्यावरून भांडण व्हायचं. बाईंनी आम्हाला ओट्यावर बसवलं आणि फर्मान काढलं: हिनं तिची बाजू मांडायची, तिनं हिची. नर्सताईनं माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडली, त्यात माझी चुकणारी बससुद्धा आली. मी तिची मांडायला लागले, आणि रात्रीच्या ड्यूटीवरून आलेल्या नर्सला अंगावरचा दवाखाना धुऊन टाकल्याशिवाय झोप लागत नाही, हे बोलता बोलता मला पहिल्यांदा दिसलं. दुसऱ्या दिवसापासून ती म्हणे तू भर, मी म्हणे तुम्ही भरा. त्या आग्रहात नळ गेला. बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आता हे दुसरं येडेपण सुरू झालं."

माझं आणि बाईंचं खरं भांडण मात्र वेगळं होतं. मला वाटायचं, हे सगळं निवांत लोकांचं काम आहे. अन्याय समोर उभा असताना वाक्यातले खडे कोण वेचत बसणार? मी एकदा तसं तोंडावर म्हणाले, "बाई, घराला आग लागल्यावर माणूस ओरडणार की व्याकरण तपासणार?"

"ओरड ना. काऊन नाही ओरडाचं," बाई म्हणाल्या. "पण पाणी कोणत्या घरावर टाकाचं, ते तं पाहून घेशील?"

ते मी पाहिलं त्या दिवसाबद्दल सांगते.

बाईंनी जिथं नोकरी केली त्या गावची शाळा एकच, पण माध्यमं दोन. पैनगंगेच्या काठची आमच्याकडची बरीच गावं अशी आहेत. एका ओसरीवर मराठी वर्ग, समोरच्या ओसरीवर तेलुगू. दुपारच्या जेवणाच्या रांगाही दोन. भात-वरण शिजवायची राजव्वा, तेलुगू बोलणारी, एकटी बाई. नवरा गेल्यावर याच चुलीवर ती उभी राहिली होती. एका पातेल्यात शिजवायची आणि दोन बादल्यांत काढून दोन्ही ओसऱ्यांवर वाढायची. एके दुपारी जेवणानंतर मराठी वर्गातल्या पोरांना उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात सलाइन लावलं, दुसऱ्या दिवशी सगळी पोरं घरी आली, खेळायलाही लागली. पण तेलुगू रांगेतलं एकही पोर आजारी पडलं नव्हतं.

गावात किराणा दुकान चालवणारा गंगाधर, बाईंचा जुना विद्यार्थी, तिसऱ्या दिवशी आदिलाबादला ओट्यावर येऊन बसला. त्याची पोरगीही आजाऱ्यांत होती. राजव्वाला काढा, असा ठराव गाव करणार होतं.

"बाई, तुमची सही पयली लागली म्हंजे सगळं गाव मागं येते."

बाईंनी त्याच्यापुढं खडा ठेवला. तो ओळखीचं हसला. शाळेत असताना त्यानं बरेच गोळा केले असावेत. "सही नाही करत," बाई म्हणाल्या, "पण येतो मी बैठकीले."

मीही निघाले. बसमध्ये बाई डाळ निवडत होत्या आणि मी पत्रकाचा मसुदा लिहीत होते. भाषेच्या नावानं एका एकट्या बाईची चूल विझवणाऱ्या प्रवृत्तीचा जाहीर निषेध. वाक्य मला आवडलं होतं.

बैठक शाळेच्या आवारात, सकाळी. गावकरी चटयांवर, हेडमास्तर खुर्चीवर, आणि राजव्वा स्वयंपाकखोलीच्या दाराला टेकून उभी. ती आत जात नव्हती आणि बाहेरही येत नव्हती. हातातला पदर तिनं इतका पिळला होता की त्याची दोरी झाली होती. आज ठराव झाला तर उद्या त्या दारात दुसरी कोणी उभी राहणार, हे तिला माहीत होतं.

गंगाधर उभा राहिला. म्हणाला, ही आल्यापासून पोरांच्या काही ना काही तक्रारी आहेत. हिच्या घरी कोण येतं-जातं ते गावाला ठाऊक आहे. आज हिला सोडलं तर उद्या शाळेत मराठीचं नावच राहणार नाही. एक तर ही राहील, नाहीतर आमची पोरं.

मी बाईंच्या ओट्यावर उगाच राहिले नव्हते. उठले आणि एकेक करून सगळं मोडीत काढलं. ही आल्यापासून तक्रारी? कावळा. तिच्या घरी कोण येतं? त्याचा वरणाशी काय संबंध. मराठीचं नाव बुडेल? एका पातेल्यातून? एक तर ही, नाहीतर पोरं? घराला खिडकी नाही का? लोक हसायला लागले. गंगाधरच्या मागं बसलेला त्याचा चुलतभाऊही तोंडावर रुमाल धरून हसला. मी मसुद्यातलं शेवटचं वाक्य म्हणून खाली बसले.

गंगाधर खाली बसला नाही. मग म्हणाला, "ताई, बोलण्यात तुमी जिंकल्या. पण माझी पोरगी आता इथं जेवणार नाही." आणि त्याच्यामागून एकेक माणूस बोलला, माझीही नाही, माझाही नाही. हसणारा चुलतभाऊसुद्धा.

रांगेतली पोरंच उठली तर कोणाला वाढायचं? राजव्वानं दाराची चौकट धरली.

बाईंनी सुपातून खडा उचलला. मला वाटलं, गंगाधरपुढं ठेवणार. तो माझ्या पत्रकावर ठेवला.

"त्याची कारणं चुकली," त्या हळूच म्हणाल्या. "म्हून त्याचं भेव बी खोटं ठरलं का? एखाद्यानं वाट चुकीची सांगितली, म्हून गावच नाही असं थोडी असते."

मग त्या त्याच्याकडं वळल्या. "गंगाधर, बस. मी तुझं म्हणणं सांगतो. चुकलं तं टोक. भात एक, वरण एक. पोरं दोन रांगांत बसली. एकच रांग आजारी पडली, दुसरीतलं एक बी पोर नाही. मंग दोन रांगांत काहीतरी वेगळं असलंच पाहिजे. आपोआप असं होत नाही. अन् जोपर्यंत ते काय हाय ते सापडत नाही, तोपर्यंत परत होऊ शकते. हेच ना?"

गंगाधर खाली बसला. "हेच," तो म्हणाला. "हेच म्हणून राह्यलो मी सकाळपासून, बाई."

तो सकाळपासून यातलं एक अक्षर बोलला नव्हता. पण म्हणणं त्याचंच होतं, आणि असं मांडल्यावर ते भक्कम होतं, इतकं की क्षणभर मलाही बादलीचा संशय आला. द्वेष द्वेष म्हणून मी ज्याला झोडपत होते, त्याच्याआड एक बाप एक रास्त प्रश्न घेऊन बसला होता. द्वेषही होता, हे मी आजही म्हणते. पण प्रश्नही होता.

"मंग सांगा," बाईंनी सगळ्यांना विचारलं, "बादलीशिवाय त्या दिवशी दोन रांगांत अजून काय वेगळं होतं?"

भाषा, कोणीतरी म्हणालं. "भाषेनं ओकारी येत नाही," बाई म्हणाल्या. "अजून?"

बोलली ती राजव्वा, दारातूनच, तिच्या अर्ध्या मराठीत. "तेलुगू पिल्ललु, पोरं, घंटी वाजल्यावर आले, सारसोबत. मराठीवाले आधीच बाहेर. सकाळपासून बाहेर."

"काऊन बाहेर?"

आता सगळ्यांनी हेडमास्तरांकडं पाहिलं. त्यांनी चष्मा काढला. मराठीचे एक शिक्षक सर्वेक्षणाच्या ड्यूटीवर होते, दुसरी जागा रिकामीच होती, आणि तेलुगूचा वर्ग ते स्वतः घेत होते. दोन्ही ओसऱ्या एकट्यानं सांभाळणं जमलं नाही, असं ते म्हणाले. आवाज पडलेला होता.

"मंग पोरं होती कुठं?" बाईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सूप काखेत मारून उठल्या. शाळेच्या मागच्या अंगाला निघाल्या. त्यांच्यामागं गंगाधर, त्याच्यामागं गाव. मागं चंद्रज्योतीचं कुंपण आहे, आमच्याकडं शेताच्या धुऱ्यावर असतं तसंच, जनावरं तोंड लावत नाहीत म्हणून लावलेलं. कुंपणाखाली दगडांवर फोडलेल्या बियांची काळी टरफलं पडली होती. ढीगच.

गंगाधर स्वतः वाकला, टरफलं तळहातावर घेतली, वास घेतला. दुकानात बी-बियाणं विकणारा माणूस तो, त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. राजव्वा मागून म्हणाली, "अडवी आमुदम." रानएरंड. तिच्या भाषेतही ते विषच होतं. गंगाधरनं पोरीला हाक मारली आणि तळहात पुढं केला. "हे खाल्लं का तुमी?"

पोरीनं मान डोलावली. "सगळ्यांनी खाल्लं. शेंगदाण्यावानी लागते."

"मंग दवाखान्यात काऊन नाही सांगितलं?"

"तुमी मारता म्हून."

गंगाधरनं टरफलं खिशात टाकली. परत येताना तो सगळ्यांच्या मागं चालत होता.

आता गाव सुधारलं असं तुम्हाला वाटत असेल, तर गावं तुम्ही पाहिलेली नाहीत. आवारात पोचेपर्यंत चुलतभाऊ म्हणायला लागला होता, मग आता हेडमास्तरालाच काढा. लोक माना डोलावत होते. बाईंनी त्याच्यापुढं खडा ठेवला आणि म्हणाल्या, "एका माणसाले दोन ओसऱ्यांवर उभं करून दाखव, मंग त्याले काढ."

तोवर घंटा झाली. राजव्वा आत गेली. दोन बादल्या घेऊन बाहेर आली आणि दोन ओसऱ्यांच्या मधोमध थांबली. कुठं वळावं ते तिला कळेना. मराठी ओसरी रिकामी होती. गंगाधर पोरीचा हात धरून तिथं गेला आणि मांडी घालून बसला. माफी वगैरे त्यानं मागितली नाही. पोरीपुढं एक ताट ठेवलं, स्वतःपुढं एक. "राजव्वा, मले बी वाढा." तिनं वाढलं. तो पुरे म्हणाला तरी "इंका कोंचम, इंका कोंचम", अजून थोडं, अजून थोडं, म्हणत वाढत राहिली, भाताचा डोंगर होईपर्यंत. त्यानं तो सगळा खाल्ला. त्याला दुसरा मार्ग नव्हता. हळूहळू ओसरी भरली.

पुढच्या आठवड्यात गावानं कुंपण तोडून तिथं काटेरी तार लावली. आणि शिक्षण अधिकाऱ्यांना द्यायचा अर्ज बाईंनी मला लिहायला लावला. अट एकच: पहिला परिच्छेद साहेबांच्या बाजूचा. साहेब, आपल्याकडं माणसं कमी आहेत, सर्वेक्षणाची मुदत वरून आलेली आहे, आपण एका शिक्षकाला दोन ठिकाणी पाठवू शकत नाही. हे मी खोडून खोडून लिहिलं. दुसऱ्या परिच्छेदात मात्र बाईंनी मला मोकळं सोडलं, आणि मी जे लिहिलं त्यातला एकही शब्द त्यांनी खोडला नाही. इतका संताप मी पूर्वी कधी इतक्या नेमक्या जागी ठेवला नव्हता. काही दिवसांनी मराठी ओसरीवर एक तात्पुरत्या शिक्षिका रुजू झाल्या. अर्जामुळं आल्या की आधीच ठरलं होतं, मला माहीत नाही, आणि माहीत नसताना मी श्रेय घेणार नाही. राजव्वा आजही त्या चुलीवर आहे. गंगाधरच्या दुकानातली कोथिंबीर तिला फुकट मिळते, आणि ती शिळी असते असं ती सगळ्यांना सांगते.

मी आता दुसऱ्या गावी असते. बाई त्याच ओट्यावर आहेत. मध्ये भेटायला गेले तर कोण्या नव्या भाडेकरूशी त्यांचा वाद रंगला होता, आणि पोरगी त्यांच्यावर मात करत होती. बाईंच्या चेहऱ्यावर इतकं सुख मी क्वचितच पाहिलं आहे. माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "बस वं. मी हरून राह्यलो. मधात बोलू नको."

तर एवढी विनंती. हे पत्रक वाचून बाजूला ठेवाल तेव्हा उद्याची सकाळ रिकामी ठेवा आणि तुमच्या गावच्या शाळेत जा. वर्गावर वर्ग बघत फिरा. कुठं शिक्षक नाही ते पाहा, तिथली पोरं त्या वेळी कुठं असतात ते शोधा, आणि मगच कोणाकडं बोट दाखवायचं ते ठरवून अर्ज लिहा. जेवणाच्या सुट्टीत मात्र जाऊ नका. सुट्टीत सगळेच वर्ग रिकामे दिसतात.